आडवं व्हा, माणसं आल्यात

कसबा बावड्यात आमच्या गल्लीत माझ्याविषयी एक समज पक्का बसला आहे. तो आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी निघायचा नाही. ही पोरगी लॅबमध्ये मास उगवते. हा समज पसरवला आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. सकाळी म्हशीची धार काढून ते दूध घालायला बाहेर पडायचे आणि जिथं किटली टेकवायचे तिथं माझी जाहिरात करायचे. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारायचाच अवकाश. "मास उगवती. बशीत," असं ठसक्यात सांगून ते पुढच्या दाराला निघायचे. एकदा तालमीतले दोन आडमाप गडी आमच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "ताई, पावडर मिळंल काय?" मला हसू आलं आणि रागही आला. "न्हाय मिळत," म्हणून मी दार लावून घेतलं.

खरं सांगायचं तर 'उगवते' हे अर्धंच खरं होतं. मी मास उगवते आणि मग ते वाळवते. वाळवणं हेच माझं काम. माणूस आजारानं, म्हातारपणानं, कधी नुसत्या पडून राहण्यानं झिजतो. तो का आणि कसा झिजतो हे बघायला जित्या माणसाच्या मांडीचे तुकडे रोज रोज काढता येत नाहीत. म्हणून एवढासा स्नायू ताटलीत तयार करायचा, त्याला झिजवायचं आणि ते झिजणं जवळून बघायचं. उद्या कुणी औषध शोधलंच तर ते आधी या ताटलीत घालून बघता येईल. औषध शोधणारी मी नव्हे. मी फक्त रोगी तयार करून देणार. हे दारात उभं राहून कुणाला समजावत बसणार? आणि आबांना समजावायचं तर त्यांचा तो ठसका मोडायला माझा जीव होईना.

कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्नायूच्या पेशी नुसत्या काचेवर वाढवल्या तर त्या पसरून चपट्या होतात. अंगात त्यांना काचेसारखं कडक काहीच भेटत नाही, त्यामुळं काचेवर त्या स्नायूसारख्या वागत नाहीत. मग त्यांच्यासाठी जेल करायचं. ते किती मऊ करायचं, त्यातच सगळी विद्या. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, म्हणायच्या, "फार घट्ट नको, फार पातळ नको." मी मनात म्हणायचे, खरवस. दाबला तर दबणारा, बोट काढलं की वर येणारा. म्हशीवाल्याच्या घरात जन्मल्याचा तेवढा एक उपयोग मला संशोधनात झाला.

हे जेल पेशींसकट एका मऊ साच्यात ओततात. साच्यात दोन बारीक खांब असतात, तांदळाच्या दाण्याएवढे. काही दिवसांत पेशी एकमेकींत मिसळून लांब होतात आणि दोन खांबांच्या मध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा एक तंतू ताणून बसतो. तो खांबांना आत ओढतो. खांब किती वाकले ते बघायचं, तेच त्याचं बळ. ओढायला दोन्हीकडं काहीतरी आहे म्हणून तो भरदार राहतो. मग एक दिवस मी चिमटा घेऊन त्याचं एक टोक खांबावरून सोडवते. खाणं तेच, ऊब तीच, ओढायला मात्र काही नाही. तो नुसता पडून राहतो आणि बघता बघता रोडावतो.

हे सगळं मला माहीत होतं. रोज तेच करत होते मी.

पावसाळा संपता संपता आबांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातले दिवस वाईट होते, त्यांच्याविषयी लिहायचं नाही मला. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "विश्रांती द्या, पण उठबस करू द्या, रोज थोडं चालवा." आम्ही त्या वाक्याचा पहिला तुकडा घरी आणला आणि दुसरा दवाखान्यातच विसरून आलो. तरी सुरुवातीला असं नव्हतं. आबा आपले आपण उठायचे, गोठ्यापर्यंत जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून यायचे, सकाळचं ऊन खात पायरीवर बसायचे.

घात केला पेठ वडगावच्या पाहुण्यांनी. आईची बहीण आणि तिचे यजमान, एसटीनं आले. उन्हातनं चालत, घामाघूम, एका हातात शहाळी आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचे पुडे. बघतात तर आजारी माणूस पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतोय.

"आँ? आम्हास्नी वाटलं हातरुणाला खिळल्यात," काका म्हणाले. "ह्ये तर ब्येस दिसत्यात की!"

सगळे हसले. मावशी काही हसली नाही. तिनं शहाळी खाली ठेवली ती जरा आपटूनच. जाताना ती आईला म्हणाली, "बरं दिसत्यात की दाजी," आणि ते तिनं अशा आवाजात म्हटलं की जणू आम्ही खोटं सांगून त्यांना एवढा हेलपाटा घालायला लावला होता. नंतर हेच वाक्य वडगावातनं फिरून आईच्या कानावर आलं. "उगंच कांगावा केलता. मानूस शेंगा खात बसलंय."

आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर एकवेळ चालतं, पण आजाऱ्याला बघायला नाही गेलं तर ते जन्मभर निघतं. जाणाऱ्यावर एवढं बंधन असेल तर ज्याला बघायला जायचं त्याच्यावरही काही असणारच. त्यानं आजारी दिसलं पाहिजे. लोक कामं टाकून, गाडी पकडून येतात. त्यांच्यासमोर टुणटुणीत बसणं म्हणजे त्यांचा अपमान. हा नियम कुणी सांगत नाही, पण वडगावच्या त्या वाक्यानं आईला तो असा काही चटका देऊन समजावला की त्या दिवसापासनं आमच्या घरात एक नवीनच हुकूम सुरू झाला. फाटक वाजलं की आई स्वयंपाकघरातनं दबक्या आवाजात ओरडायची, "आवो, आडवं व्हा, माणसं आल्यात!"

आणि आबा आडवे व्हायचे.

माझंही त्यात काम ठरलेलं होतं. आबांच्या हातातला पेपर काढून घ्यायचा, चष्मा काढायचा. चष्मा लावून पेपर वाचणारा माणूस आजारी दिसत नाही. शाल गळ्यापर्यंत ओढायची. फळीवरच्या औषधाच्या बाटल्या खाली स्टुलावर आणून ठेवायच्या. हे सगळं मी चपळाईनं करायचे. पाहुणे आत येईपर्यंत आबांचा आवाजसुद्धा आपोआप खोल गेलेला असायचा. मग पाहुणे त्यांचं मनगट हातात घ्यायचे आणि च्च् च्च् करायचे. "केवढं वाळलंय की! मास म्हणून ऱ्हायलं न्हाय अंगावर."

"त्येची काय काळजी न्हाय," आबा खोल आवाजात म्हणायचे, आणि शालीतनं हात काढून माझ्याकडं बोट करायचे. "ही हाय की. उगवून देती."

सगळी माणसं माना वळवून माझ्याकडं बघायची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं मला. मी चहा आणायचं निमित्त करून आत पळायचे.

माणसं संपेनात. सकाळी नात्यातली, दुपारी दूध घेणाऱ्या घरांतली, संध्याकाळी साखर कारखान्यातली ओळखीची. मधल्या वेळात आबा उठू म्हणायचे, तर आई म्हणायची, "आता येतीलच की कुणीतरी. पडा की जरा." जेवणही कॉटवर. ताट ठेवायला ते उठू लागले तर मी धावायचे. "आबा, राहू दे, मी घेते." पाण्याचा तांब्या, चपला, अंगावरची शाल, सगळं मीच उचलायचे. लेक किती करते बापाचं, असं पाहुणे म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. दिवसा लॅबमध्ये तंतूचं एक टोक सोडवून येणारी मी, संध्याकाळी घरी येऊन शाल ओढत होते आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठसुद्धा पडली नव्हती. शिकलेल्या माणसाला इतकं बथ्थड राहता येतं हे मला स्वतःवरूनच कळलं.

एका रविवारी न्हाणीतनं आबांची हाक आली. हाक आईला होती, पण आई म्हशीखाली बसली होती. आबा आजारी पडल्यापासनं धार तीच काढत होती. म्हणून मी गेले. आबा पाटावर बसले होते. आंघोळ झाली होती आणि त्यांना पाटावरनं उठता येत नव्हतं. मला बघताच त्यांनी ओला टॉवेल गुडघ्यांवर ओढला.

"तू न्हाय. आईला लाव."

"आई धार काढालीया."

"मग बसतो मी. हुदे तिचं."

थंडीनं त्यांना काटा आला होता. मी त्यांच्या काखेत हात घातले. नजर भिंतीवर ठेवली होती, तरी खाली पोटरी दिसलीच. जिच्या जोरावर या माणसानं जन्मभर म्हशीखाली उकिडवं बसून धारा काढल्या, ती पोटरी हाडाभोवती सैल लोंबत होती. मी ती ओळखली. तसलं मी रोज बघत होते. जोर लावून उचलायचं म्हणून मी दम घेतला होता, पण तो जोर लागलाच नाही. आबा भसकन वर आले. आपला बाप इतका हलका झाला आहे आणि आपल्याला पत्ता नाही, याची मला अशी लाज वाटली की मी तशीच त्यांना धरून उभी राहिले.

दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढून घेत ते म्हणाले, "तुझं त्ये औषध कवा हुतंय?"

ही बढाई नव्हती. समोर पाहुणे नव्हते. ते खरंच विचारत होते. मला तेव्हा समजलं की गल्लीतली ती जाहिरात त्यांच्यापुरती जाहिरात राहिलीच नव्हती. ते वाट बघत पडले होते. आज ना उद्या लेक बशीतनं काहीतरी आणेल आणि पायात पुन्हा बळ येईल, म्हणून निवांत पडले होते.

"वेळ हाय अजून, आबा," मी म्हणाले. त्या बोलण्यात असं सुचवलेलं होतं की काही काळानं मिळेल.

त्याच आठवड्यात माझं काम फळाला आलं. टोक सोडवलेले तंतू अगदी हवे तसे बारीक झाले, सगळेच्या सगळे, एकसारखे. इतके दिवस एक झिजायचा तर दुसरा तसाच राहायचा. मॅडम मायक्रोस्कोपवरनं उठल्या आणि म्हणाल्या, "सुंदर झिजलेत." त्यांनी चहा मागवला. मी खूश झाले. घरी आल्यावरही ती खुशी तोंडावर असावी, कारण आबांनी लगेच विचारलं, "काय गं, जमलं काय?"

"जमलं, आबा."

"मग मला बघायचंय. उद्या चल."

आईनं विरोध करून बघितला. लोक येतील, घरात आजारी माणूस नसेल तर काय सांगायचं? पण आबांच्या अंगात कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हुशारी आली होती. त्यांनी इस्त्रीचा सदरा काढायला लावला, टोपी घातली. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "आणा की, त्यात काय." दुसऱ्या दिवशी रिक्षानं आम्ही गेलो. आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. कठड्याला धरून आबा चढत होते. मधल्या वळणावर थांबले आणि खिडकीतनं बाहेर बघण्याचं नाटक केलं. मी हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. लेकीच्या ऑफिसात लेकीच्या खांद्यावर हात टाकून जायचं नव्हतं त्यांना.

आत त्यांना एप्रन दिला. तो सदऱ्यावरनं चढवून ते खुर्चीत ताठ बसले. मी दोन ताटल्या काढून आणल्या. साध्या डोळ्यालाही दिसतं ते, गुलाबी पाण्यात दोन खांब आणि मधे दोऱ्याएवढा तंतू.

"ह्ये? एवढंसं?"

"एवढंसंच असतंय, आबा. उंदराच्या पेशी हायत."

"उंदराचं मास!" ते मोठ्यांदा हसले. "आन् मी गल्लीत काय काय सांगत बसलोय." मग त्यांनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग जमलं. बराच वेळ बघितलं. मी ताटली बदलली. पुन्हा बघितलं.

"पयला भरदार हाय. ह्यो रोड का?"

"त्याचं एक टोक सोडवलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे त्याला ओढायला काही न्हाय. नुसता पडून असतोय."

"खायला घालतीस न्हवं त्येला?"

"दोघांनाबी सारखंच."

"आन् रोड कुणी केला? आजारी पडला व्हय?"

"न्हाय. मीच केला. मुद्दाम."

आबांनी मायक्रोस्कोपवरनं तोंड काढलं. माझ्याकडं बघितलं, मग ताटलीकडं. जनावरं सांभाळणाऱ्याच्या पोटचं पोर एखाद्या जित्या गोष्टीला मुद्दाम वाळवतं, हे त्यांना पचायला जड जात होतं. मी घाईघाईनं बोलायला लागले, हे असं का करावं लागतं, यातनं पुढं काय होईल. त्यांनी ते अर्धंसुद्धा ऐकलं नाही. ते पुन्हा वाकून त्या रोडावलेल्या तंतूकडं बघत होते.

"ह्येलाबी माणसं बघाय येत असतील," ते म्हणाले.

मॅडम मागं उभ्या होत्या. त्या खळखळून हसल्या, "काय विनोदी आहेत हो तुमचे वडील." मला हसता आलं नाही. इतके दिवस जी गाठ माझ्या डोक्यात पडली नव्हती ती त्यांनी अशी सहज, चेष्टेत मारून टाकली होती, आणि मी एप्रन घालून चिमटा हातात धरून उभी होते.

खाली उतरायलाही वेळ लागला. गेटसमोरच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. आबा बाकड्यावर बसले आणि कप दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "म्हंजे औषध न्हाईच."

"न्हाय, आबा."

"मग सांगायचं न्हाय व्हय आधी?"

मी खाली मान घातली. म्हटलं, "माझीच चूक हाय. तुम्हाला आडवं करत बसलो आम्ही. मला कळाय पाहिजे होतं. मी हेच शिकलेय."

"तुझं काय घिऊन बसलीस," ते म्हणाले. रस्त्यावरनं उसाची ट्रॉली चालली होती, ती जाईपर्यंत थांबले. "पडलो तर मीच न्हवं? कुणी बांधून घातलं न्हवतं मला. जल्मात कुणी मला बघाय म्हणून आलं न्हवतं गं. रोज मीच लोकांच्या दारात किटली घिऊन. ह्या खेपंला लोकं माझ्या दारात यायला लागली. हात धरून बसायची. लई ग्वाड वाटलं." मग तोंड फिरवून म्हणाले, "लाज वाटती सांगायला."

त्यांचा कप रिकामा झाला होता. तो घ्यायला मी हात पुढं केला आणि मागं घेतला. त्यांनी स्वतः उठून तो गाड्यावर नेऊन ठेवला. उठताना बाकड्याला दोनदा रेटा द्यावा लागला.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, करू द्या सगळं, फक्त तोल जाऊन पडायला नकोत, कुणीतरी जवळ उभं राहा. व्यायाम शिकवायला कुणी बोलवू का, असं आबांना विचारलं तर त्यांनी उडवून लावलं. "मला म्हशीखाली बसता आलं आन् तिथनं उठता आलं की मी बरा झालो. दुसरं मला काय कळत न्हाय." कॉटवर बसून ते उठबस करायला लागले, पण आईनं गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. "लोकं त्वांडात श्यान घालतील माझ्या," ती म्हणाली. "म्हंतील, पोरगी एवढी शिकली आन् दुखणेकरी मानसाला म्हशीखाली बसवलंय." तिचं खोटं नव्हतं. लोक म्हणालेच असते. आम्ही तिघांनी मिळून एका माणसाचे पाय घालवले होते आणि तरीही आम्हाला भीती लोकांचीच होती.

शेवटी आबांनी आईला विचारायचं सोडलं. थंडीतली एक संध्याकाळ होती, कारखाना सुरू झाल्यामुळं सगळीकडं मळीचा वास होता. आई बादली धुऊन वळली आणि आबांनी ती तिच्या हातातनं घेतली. भिंतीला धरत गोठ्यात गेले. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "धर की त्येनला!" मी मागं मागं गेले, पण धरलं नाही. आबा म्हशीशेजारी हळूहळू खाली बसले. गुडघ्यांत बादली धरली. सडाला हात लावला. पूर्वी त्यांची धार बादलीत पडायची तर माझ्या खोलीपर्यंत आवाज यायचा. आता चुळकचुळक. हातांतही काही उरलं नव्हतं. थोडं दूध निघालं, मग ते नुसतेच कपाळ म्हशीच्या कुशीला टेकून बसले.

आणि तेव्हाच फाटक वाजलं.

हुपरीची आत्ती, आबांची मोठी बहीण. तिच्या घरी पैंजणं घडवायचं काम, लगीनसराईच्या मागणीमुळं तिला आजवर निघता आलं नव्हतं. उशीर झाला म्हणून ती दुप्पट काळजी घेऊन आली होती. आईनं तिला बघितलं आणि सवयीनं ओरडली, "आवो, उठा, आडवं व्हा, आत्ती आल्यात!"

आबांना उठताच येईना. दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून त्यांनी जोर केला, थोडे वर आले आणि खाली बसले. बादली कलंडता कलंडता राहिली. आत्ती तोवर गोठ्याच्या दारात पोचली होती.

"अगं आई आई! दुखणेकरी मानूस म्हशीखाली?" ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज शेजारच्या चार घरांत गेला असेल. "आन् तू हात बांधून उभी हाईस? एवढी शिकलीस ती ह्येच्यासाठी? लाज वाटत न्हाय व्हय गं तुला?"

"वाटती की, आत्ती," मी म्हणाले.

ती शहाळ्यांची पिशवी तशीच घेऊन पुढं झाली, आबांच्या काखेत हात घालायला वाकली. मी तिचा हात धरला. आमच्या घरात थोरल्या आत्तीचा हात आजवर कुणी धरला नव्हता. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तरी मी सोडला नसता. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन बघत होती. आई पदर तोंडाला लावून उभी होती. आबांनी एकदा आम्हा सगळ्यांकडं बघितलं, मग दावणीच्या खांबाला हात घातला आणि ओढलं. पाय लटलटत होते. अर्धे वर आले तिथं थांबले, आणि त्या थांबण्यात मला इतकं वाटलं की जावं आणि उचलावं, किती हलके आहेत ते मला माहीत होतं. मी आत्तीचा हात घट्ट धरून ठेवला.

ते उभे राहिले. खांब सोडला नाही, पण उभे राहिले. लुंगीला शेण लागलं होतं. धाप जरा बसल्यावर ते आत्तीला म्हणाले, "कवा आलीस? उभी का? बस की." आणि आईला म्हणाले, "तिला चहा टाक. ह्याच दुधाचा."

बादलीत तळ झाकेल एवढंच दूध होतं. त्याचाच चहा झाला. आबा पायरीवर बसले, आत्ती त्यांच्यासमोर खुर्चीवर, आणि शहाळी दोघांच्या मधे खाली पडून राहिली. आत्ती माझ्याशी बोलली नाही. आबांच्या मनगटाकडं तिनं हात नेला, पण आबांच्या हातात कप होता. चहा संपेपर्यंत ती त्यांना खालवर बघत राहिली आणि मग जरा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बरा दिसतोस की रं."

आईची मान खाली गेली. "न्हाय वो वन्सं," ती पुटपुटली, "लई वाईट अवस्था हुती."

आबांनी मात्र टोपी नीट केली आणि आत्तीला म्हणाले, "आनखी एकदा म्हण."